तीस पुड्या आणि एक उलथणं

सुंद्राबाईंनी पहिल्या भेटीत माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. समोरच्या दोन खोल्यांत नवीन बिऱ्हाड आलं म्हणून मी चहाचं आमंत्रण द्यायला गेले होते. नाव सांगितलं, आमचं घर दाखवलं. त्या ऐकता ऐकता माझ्या पाठीमागे गेल्या आणि म्हणाल्या,

"बाई, ह्या आंबाड्यातला निम्मा तुमचा न्हाई."

इरा, निशांत, तुम्हाला हे ठाऊक असायचं कारण नाही, पण तुमच्या आजीच्या अंबाड्यात तेव्हा पंधरा वर्षं गंगावन होतं. गंगावन म्हणजे विकत मिळणारा केसांचा झुपका. तो आपल्या केसांत गुंफला की अंबाडा भरदार दिसतो. शाळेतल्या माझ्या निरोप समारंभाला मी त्याच अंबाड्यावर अबोलीचा गजरा माळला होता आणि कुणालाही शंका आली नव्हती. तुमच्या आजोबांना आली असेल तर त्यांनी ती स्वतःपाशीच ठेवली. आणि ह्या बाईंनी मी चपला काढायच्या आत ओळखलं.

"चहाला याल ना?" मी विचारलं. माझा आवाज जरा बदलला असावा.

"येते की. पन आदी भांग दावा."

पुढे हा भांग दाखवण्याचा विधी आमच्या सावेडीच्या गल्लीतल्या प्रत्येक बाईच्या वाट्याला आला. नवीन सून आली की बाकीच्या बायका तिची साडी बघतात, मंगळसूत्र बघतात. सुंद्राबाई तिला मान खाली घालायला लावतात. हळदीकुंकवाला त्यांचं बोट समोरचीच्या कपाळावर असतं आणि डोळे भांगात. त्यामुळे त्यांनी लावलेलं कुंकू कधीच मधोमध नसतं. इरा, तू दिवाळीत व्हिडिओवर आलीस तेव्हा मागून एक हात आला आणि "हिला म्हनावं डोकं फोनाला लाव" असं ऐकू आलं, त्या ह्याच. एकदा बसस्टँडवर पुढे उभ्या असलेल्या अनोळखी बाईच्या खांद्यावर टकटक करून त्यांनी विचारलं, "रगात तपासलंय का?" ती बाई पुण्याची होती. तिने आधी पर्स सांभाळली.

सुंद्राबाई मूळच्या जामखेडकडच्या एका खेड्यातल्या. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. नगरला आल्या (अहिल्यानगर म्हणायची मी सवय करते आहे, पण तोंडात नगरच येतं) आणि एका त्वचारोगाच्या दवाखान्यात कामाला लागल्या. केर काढणं, नंबर लावणं, मलमाच्या डब्या भरणं, रडणाऱ्या बायकांना पाणी देणं. सव्वीस वर्षं हेच. मग डॉक्टर थकले, दवाखाना बंद करून लेकाकडे गेले, आणि सुंद्राबाई आमच्या गल्लीत आल्या. येताना डॉक्टरांनी दिलेलं एक भिंग आणि डॉक्टरांची सगळी वाक्यं घेऊन आल्या.

त्यांचे स्वतःचे केस? सहासष्टाव्या वर्षी कमरेच्या खाली. करडे, जाड, दोरखंडासारखे. सकाळी पाच मिनिटांत त्या त्यांचा नारळाएवढा अंबाडा घालतात, त्यावर पदर घेतात, आणि तो पदर रात्रीपर्यंत उतरत नाही. "तुम्ही काय लावता हो?" असं विचारलेलं त्यांना मुळीच खपत नाही.

"काय बी न्हाई लावत. माझ्या आईचे असेच हुते. ह्यात माझी काय अक्कल?"

गल्लीतल्या बायकांची इथेच पहिली निराशा होते. त्यांना तेल हवं असतं. सुंद्राबाईंकडे तेल नाही. कांद्याचा रस, मेथीची पूड, मोबाईलवर दिसणारी हिरवी बाटली, सगळ्यावर त्यांचं एकच उत्तर. "तेलानं केस मऊ व्हतो, तुटत न्हाई. उगवायचा त्यो आतूनच उगवनार."

"मग करायचं काय?"

"डॉक्टरकडं जा."

"तुम्हीच सांगा की. सव्वीस वर्षं पाहिलंय तुम्ही."

"मी डॉक्टर न्हाई. मी डॉक्टरच्या दारातली बाई हाय. आत कुनाला सोडायचं तेवढं मला कळतं."

पण दारातल्या बाईंना पुष्कळ कळत होतं. कोपऱ्यावर ब्लाउज शिवणाऱ्या बाई एकदा मूठभर केस घेऊन रडत आल्या. सुंद्राबाईंनी ते केस बाजूला ठेवले आणि विचारलं, "तीन महिन्यांमागं काय झालं हुतं?" बाई दचकल्या. बरोबर तीन महिन्यांपूर्वी त्यांना टायफॉईड झाला होता आणि ही गोष्ट सुंद्राबाईंना कुणी सांगितलेली नव्हती. दोन दिवसांत गल्लीभर आवई उठली की समोरच्या बाईंना मागचं दिसतं. गुरुवारी दोघी जणी नारळ घेऊन हजर. एकीला हरवलेलं डोरलं कुठे आहे ते विचारायचं होतं.

सुंद्राबाईंनी नारळ ठेवून घेतला आणि दोघींना ओट्यावर बसवून पाऊण तास शिकवणी घेतली. मी इतकी वर्षं शिकवलं, पण एवढ्या एकाग्र विद्यार्थिनी मला मिळाल्या नाहीत. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपासमार, घरातलं दुःख, असा काही धक्का बसला की डोक्यावरचे बरेच केस एकदम वाढायचे थांबतात. पण गळत मात्र लगेच नाहीत. ते गळतात अडीच-तीन महिन्यांनी, सगळे मिळून.

"तवर आपन आजार इसरून गेलेलो असतो," सुंद्राबाई म्हणाल्या, "आन् मंग शाम्पूला शिव्या घालतो."

"मग परत येतात का?"

"धक्का सरला, पोटाला नीट मिळालं, तर येत्यात. डोरल्याचं मला म्हाईत न्हाई."

नारळाची त्यांनी चटणी केली आणि वाटीभर मला दिली.

नागापूरच्या एका कारखान्यात जाणारी पोरगी आमच्या घरावरून रोज जाते. कामावर टोपी घालावी लागते म्हणून ती केस मागे ओढून इतका गच्च अंबाडा बांधायची की भुवया वर चढलेल्या दिसायच्या. कपाळाच्या कडेचे केस विरळ झाले होते. सुंद्राबाईंनी तिला फाटकापाशी अडवलं. "आंबाडा हाय का खुंटीला बांधलेली म्हैस? ढील दे त्याला!" पोरगी हसत हसत गेली, पण दुसऱ्या दिवसापासून सैल वेणी.

माझ्या बाबतीत मात्र ओरडून भागणार नव्हतं. माझा भांग वर्षावर्षाने रुंद होत गेला होता. सुंद्राबाईंनी मला गावातल्या नव्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. रक्त तपासलं, थायरॉईड तपासलं, सगळं ठीक. कारण एवढंच, की वय झालं आणि घराण्यात आहे. माझ्या आईचा भांग असाच होता. रोज डोक्याला लावायचं एक औषध मिळालं. ते लावल्यावर पहिल्या महिन्यात केस उलट जास्तच गळले. मी बाटली उचलून डॉक्टरीणबाईंकडे निघाले, तर सुंद्राबाई फाटकात आडव्या.

"बाई, हे औषध म्हंजे लगीन हाय, आठ दिसांचा पाव्हना न्हाई. सुरवातीला तरास व्हतोच. सा महिने दम धरा."

दम धरला. माझा भांग काही तरुण झाला नाही, पण रुंदावायचा थांबला. एका रविवारी मी गंगावन कपाटात ठेवून बाहेर आले. अंबाडा लिंबाएवढा होता. सुंद्राबाई माझ्या मागे गेल्या, थांबल्या.

"आता समदा तुमचा," त्या म्हणाल्या. "झ्याक दिसतोय."

तेहेतीस वर्षांच्या नोकरीत मला शेरे पुष्कळ मिळाले. हा मी लक्षात ठेवला आहे.

आता त्यांच्या पुड्यांविषयी सांगायला हवं. कुठलीही बाई आली की म्हणते, "लई गळतात हो." सुंद्राबाईंचा प्रश्न ठरलेला. "लई म्हंजे किती?" रोज पन्नास-शंभर केस सगळ्यांचेच गळतात. पण भीती वाटायला लागली की प्रत्येक केस दिसायला लागतो. म्हणून त्यांची पद्धत अशी की रोज सकाळी पांढऱ्या फडक्यावर बसून विंचरायचं, गळलेले केस कागदाच्या पुडीत बांधायचे, वर तारीख घालायची. महिन्याने सगळ्या पुड्या ओळीने सोडायच्या. मग डोळ्यांना दिसतं, वाढलं का घटलं. नियम एकच. "पुडीत खोटं बांधायचं न्हाई. जास्त न्हाई, कमी न्हाई."

ह्या पद्धतीला आमच्याकडे एकच शत्रू, भांडेवाली. आपल्याकडे गळलेले केस बायका टाकून देत नाहीत. त्यांचा गुंडाळा करून पिशवीत साठवतात, आणि डोक्यावर पाटी घेऊन "केसांवर भांडीऽऽ" अशी हाळी आली की ते देऊन वाटी, चमचा, डबा असं काहीतरी घेतात. सुंद्राबाईंचं आणि भांडेवालीचं त्यावरून नेहमी वाजायचं. "आली पुरावा न्यायला," असं त्या मोठ्याने म्हणायच्या.

आमच्या डाव्या हाताला मंदाताई राहतात. त्यांची सून कोमल सुप्याच्या एका कारखान्यात ऑफिसात आहे. हुशार, हसरी मुलगी. बाळ झालं, आणि बाळ साडेतीन महिन्यांचं असताना तिचे केस गळायला लागले. न्हाणीघराच्या जाळीत गुंता, उशीवर गुंता, बाळाच्या मुठीत केस. महिनाभरात तिने बाहेर येणंच सोडलं. आरशावर टॉवेल टाकून ठेवला. मोबाईलवर कुणीतरी सांगितलं की अंगावर पाजल्यामुळे आईच्या अंगातलं सगळं सत्त्व जातं आणि केस जातात.

सुंद्राबाई आणि मी भेटायला गेलो तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मी ठरवलंय. एक महिना बघते. कमी झालं नाही तर बाळाचं अंगावरचं बंद."

"पाजल्यानं केस जात न्हाईत, पोरी," सुंद्राबाई म्हणाल्या. "पोटात बाळ हुतं तवा तुझे केस गळायचेच थांबले हुते. ते आता जात्यात. थांबून राहिलेली पानगळ हाय ती. आपली आपन थांबंल."

"तुम्हाला बोलायला काय जातंय मावशी? स्वतःचे बघा आणि माझे बघा."

सुंद्राबाईंनी पदर आणखी पुढे ओढला.

"बरं," त्या शेवटी म्हणाल्या. "महिना ना? मंग महिनाभर पुड्या बांध. महिना झाला की चादरीवर मांडू. तुझ्या डोळ्यांना जे दिसंल ते खरं."

कोमलने पुड्या बांधल्या, पण डोळे मिटून बांधल्यासारख्या. विंचरायची, गोळा करायची, बांधून खुंटीवरच्या पिशवीत टाकायची, मागे वळून बघायची नाही. सुंद्राबाई रोज संध्याकाळी बाळाला बघायच्या निमित्ताने जायच्या आणि पिशवीतली वरची पुडी दोन बोटांत दाबून यायच्या.

"पुडी हलकी व्हतीय, बाई," पंधराव्या दिवशी त्या माझ्या कानात म्हणाल्या.

"मग सांगा की तिला."

"माझं ती ऐकनार न्हाई. हे केस घेऊन कुनाला काय सांगू? तिचं तिला दिसू द्या."

तीस पुड्या पुऱ्या झाल्या त्या दिवशी गुरुवार होता. शुक्रवारी सकाळी चादर अंथरायची ठरली. त्या गुरुवारी दुपारीच चहाच्या वेळेला मंदाताई आमच्याकडे आल्या. सुंद्राबाई तिथेच बसल्या होत्या. मंदाताईंच्या हातात नवंकोरं स्टीलचं उलथणं.

"बघा बाई, किती जाड आहे! न्हाणीघर आवरायला काढलं होतं. माझे साठलेले केस होते, कोमलचेही कागदात बांधून पिशवीत टाकलेले होते. भांडेवाली आली, देऊन टाकलं सगळं."

सुंद्राबाईंच्या हातातली कपबशी खाली ठेवली गेली ती निम्मी टेबलावर आणि निम्मी बाहेर. चहा माझ्या पायावर.

"कुठल्या अंगाला गेली?"

"कोण?"

"भांडेवाली!"

मंदाताईंनी उलथण्यानेच दिशा दाखवली. सुंद्राबाई उठल्या, चपला घातल्या आणि पळत सुटल्या. एक चप्पल त्यांची होती आणि एक माझी. मग मला उरलेल्या दोन घालून मागे जाणं भागच होतं. चौकात त्यांनी रिक्षा थांबवली, मी धापा टाकत आत बसले. "नागापूरकडं चला, आन् फुटपाथ बघत चला," त्यांनी रिक्षावाल्याला बजावलं.

एका रसवंतीपाशी भांडेवाली पाटी उतरवून बसलेली दिसली. रिक्षा थांबायच्या आत सुंद्राबाई उतरल्या, माझी चप्पल त्यांना दोन नंबर मोठी, पाय मुडपला आणि त्या उजव्या हातावर आपटल्या. मी ओरडले. त्या ओरडल्या नाहीत. बसल्या जागेवरून त्यांनी विचारलं,

"सावेडीतल्या त्या पुड्या कुठंयत?"

भांडेवालीने पोत्याकडे बोट केलं. पुड्या मंदाताईंच्या दारातच सोडून केस पोत्यात गेले होते. कागद तिने इथे रसवंतीच्या बादलीत टाकले होते. तीस दिवस एका पोत्यात मिसळले होते. सुंद्राबाई त्या पोत्याकडे बघत राहिल्या. हात छातीशी धरला होता, पण मला वाटतं, तो दुखतो आहे हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. "गेलं, बाई," त्या म्हणाल्या. "आता ती लेकराला तोडनार."

"केस माघारी मिळायचे न्हाईत," भांडेवालीने आधीच सांगून टाकलं. "आगुदरच माझी फसगत झालीया."

"तुझी? तुझी कसली गं फसगत?"

"तर काय! पिशवी उपडी केली, पयल्या पुड्या सोडल्या तर हे एवढाले गुचके. म्हनलं, म्हातारीला पातेलं द्यावं. पुढच्या सोडत गेले तर कमीच, कमीच. शेवटल्या आठ-धा पुड्यांत तर निस्ता कागूद! मूठ बी भरंना. मंग उलथण्यावर भागिवलं."

सुंद्राबाईंनी मान वर केली.

"काय म्हनलीस?"

"निस्ता कागूद म्हनलं."

"आजून एकदा म्हन."

भांडेवालीने माझ्याकडे पाहिलं. ह्या बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना, असा तो प्रश्न होता.

"ऊठ," सुंद्राबाई म्हणाल्या. "चल माझ्यासंगं. हे असंच्या असं एका पोरीला सांगायचं. एक शबुद बी वाढवायचा न्हाई."

"आन् माझा धंदा कोन करनार? तुझा बाप?"

तेव्हा मी बोलले. कशी बोलले मला अजून कळत नाही. "माझ्याकडे एक गंगावन आहे," मी म्हटलं. "पंधरा वर्षं वापरलेलं, पण अस्सल केसांचं."

भांडेवालीने पाटी उचलून रिक्षात ठेवली.

मंदाताईंच्या स्वयंपाकघरात साक्ष झाली. कोमल बाळाला मांडीवर घेऊन भिंतीला टेकली होती. पुड्यांचं तिला कळलं होतं आणि तिचं रडून झालं होतं. भांडेवाली उंबऱ्यातच बसली आणि तिने आपली तक्रार पहिल्यापासून सांगितली. गुचके, पातेलं, कमीच कमीच, निस्ता कागूद. एक शब्द वाढवला नाही. शेवटी कोमलच्या डोक्याकडे बघून तिने मान हलवली.

"तुझे केस आता धंद्याच्या कामाचे ऱ्हायले न्हाईत, पोरी. तुझ्यावर माझं पोट चालायचं न्हाई."

कोमल आधी तिच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू आलं. असं हसू, की बाळ दचकून रडायला लागलं आणि तिने हसतच त्याला पदराखाली घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी सुंद्राबाईंचंच वाक्य चांगल्या मराठीत सांगितलं. बाळंतपणानंतरचं आहे, आपोआप थांबेल, पाजणं मुळीच बंद करायचं नाही. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी निघालं. लोहाच्या गोळ्या दिल्या, नीट जेवायला सांगितलं. आता तिच्या कपाळावर बोटभर उंचीचे नवे केस उभे राहिले आहेत, आणि सुप्याच्या बसला ती रोज फाटकातून धावत जाते. त्या आठवड्यात मंदाताई मात्र ओशाळल्या होत्या. त्यांनी थालीपिठं लावली आणि ताट घेऊन समोर गेल्या.

"कशानं उलथलं?" सुंद्राबाईंनी विचारलं.

मंदाताईंनी ताट पदराने झाकलं.

"त्या उलथण्याचं मी खानार न्हाई."

रिक्षातून पडल्यामुळे सुंद्राबाईंचं मनगट मोडलं होतं. दीड महिन्याचं प्लास्टर. चौथ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे डोकावले तर त्या पदर घट्ट ओढून बसलेल्या. पदराखाली काय अवस्था असणार ते दिसत होतं. कमरेखाली जाणारे केस डाव्या हाताने विंचरता येत नाहीत.

"कंगवा कुठे आहे?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या, बाई."

"सुंद्राबाई, तुम्ही अख्ख्या गल्लीची डोकी पाहिलीत."

"ते येगळं."

मी कंगवा शोधला आणि पाट मांडला. त्या खूप वेळाने पाटावर आल्या आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या. दोन वर्षांच्या शेजारात त्यांची पाठमोरी मान मी पहिल्यांदा पाहत होते. आमच्या मागे जायच्या त्याच. त्यांच्या मागे कुणी गेलं नव्हतं.

"आईमागारी कुनी हात लावला न्हाई डोक्याला," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "जरा हळू."

मला दुसऱ्याचे केस विंचरायची सवय नाही. तुमच्या आईच्या वेण्यासुद्धा मी शाळेच्या घाईत घातल्या, त्या तिला अजून आठवतात. मी टोकापासून सुरुवात केली, एकेक बट सोडवत वर गेले. अर्धा तास गेला असेल. उजव्या कानामागचे केस वर उचलले आणि माझा हात थांबला. तिथे रुपयाएवढी गोल, गुळगुळीत जागा होती. एकही केस नाही.

मी केस परत खाली सोडू शकले असते. त्या जाड करड्या केसांखाली ते कुणालाही दिसलं नसतं. पण पुडीत खोटं बांधायचं नाही.

"सुंद्राबाई," मी म्हटलं, "इथे कानामागे चाई पडली आहे."

त्यांची पाठ ताठ झाली.

"केवढी?"

"रुपयाएवढी."

"कातडी लाल हाय का? कोंडा, खपली?"

"नाही. स्वच्छ आहे."

"कडंला तुटके केस हायत का? भिंग घ्या. फळीवर हाय."

मी भिंग घेऊन पाहिलं, सांगितलं. प्रश्नामागून प्रश्न आले. त्यांच्या आवाजात जवळजवळ उत्साह होता. मला वाटलं, दवाखान्याचं दार पुन्हा उघडलं आहे. "चाईच," त्यांनी निकाल दिला. "आपलंच शरीर आपल्या केसांना वैरी समजतं. घाबरायचं कारन न्हाई. बारीक सुया देत्यात, पुष्कळांचं भरून येतं." मग त्यांनी डावा हात कानामागे नेला. "किती दिसांची आसंल?"

"ते कसं सांगणार?"

"व्हय. बघनार कोन."

मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. "तीन महिन्यांमागं काय झालं होतं?"

"चाईला त्यो प्रश्न लागू न्हाई, बाई. तिचं कारन असं सापडत न्हाई."

"तरी सांगा."

मी पुन्हा विंचरायला लागले.

"काय न्हाई झालं," त्या म्हणाल्या. "तीन महिन्यांमागं बी न्हाई, त्याच्या आदी बी न्हाई. कुनी आलं न्हाई, कुनी गेलं न्हाई." आणि थोड्या वेळाने, "पन इचारलंत ते बरं केलं. मी समद्यांना इचारते. मला कुनी इचारलं नव्हतं."

मी तिपेडी वेणी घातली. ती जरा वाकडी झाली. त्या दिवशी सुंद्राबाई डोक्यावर पदर न घेता, वेणी खांद्यावरून पुढे घेऊन गल्लीतून दोनदा गेल्या. भाजी एकदाच आणली.

आता दर रविवारी सकाळी त्या पाट आणि कंगवा घेऊन आमच्या ओट्यावर येतात आणि पाठ करून बसतात. मी भिंगातून कानामागे बघते आणि वहीत तारीख घालून लिहिते. डॉक्टरीणबाईंच्या सुया चालू आहेत. गेल्या महिन्यात तिथे पांढरी लव दिसली. मी म्हटलं, "आलेत, पण पांढरे आहेत." त्या म्हणाल्या, "आदी पांढरेच येत्यात. येऊ द्या." मग कोमल बाळाला कडेवर घेऊन थालीपीठ आणते. ते त्याच उलथण्याने उलथलेलं असतं. सुंद्राबाई ते खातात आणि बाळाला खाली वाकवून त्याचं डोकं बघतात. मी कंगव्यातले केस मोजून त्यांना आकडा सांगते, खरा सांगते, आणि वेणी घालते. आता ती सरळ येते.

प्लास्टर निघून दोन महिने झाले. हात पूर्ण बरा आहे, आणि पाच मिनिटांत त्या आपला अंबाडा आपण घालू शकतात. त्याबद्दल आम्ही दोघी एकमेकींशी अजून काही बोललेलो नाही.